खपलीबरोबर रंग जातो का?

टॅटू काढल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी कातडीचे पापुद्रे सुटू लागतात आणि त्यांना चक्क शाई लागलेली दिसते. टॅटूवर हजारो रुपये खर्च केलेल्या माणसाचा जीव इथे खालीवर होतो. रंग निघून चालला असं वाटून कुणी वर मलम थापतं, कुणी तडक स्टुडिओ गाठतं. प्रत्यक्षात निघत असते ती वरची कातडी आणि तिच्यात अडकलेली थोडीफार शाई.

टॅटूची सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते आणि वरचा पातळ थर ओलांडून खालच्या थरात शाई सोडते. वरचा थर महिन्या-दीड महिन्यात नवा होतो, त्यामुळे त्यातली शाई जाणारच. खालची का टिकते, याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. शाई परकी वस्तू असल्याने रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि तिचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तेच कण पुन्हा उचलते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. रंग धरून ठेवायचं काम असं शरीरच करत असतं. आपल्याकडे उरते ती वरची जखम, आणि लोक नेमके तिलाच विसरून चित्राची काळजी करत बसतात.

‘हवा लागू द्या, जखम वाळली पाहिजे’ हा सल्ला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग केले. उघड्या ठेवून वाळू दिलेल्या जखमांपेक्षा झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. कोरड्या, कडक खपलीखालून नव्या पेशींना वाट काढत सरकावं लागतं; ओलसर पृष्ठभागावर त्या सहज पसरतात. शिवाय टॅटूवर जाड खपली धरली आणि ती नखाने उपटली, तर खालची शाईही निघू शकते आणि तिथे फिकट डाग राहतो. खाज सुटली तर स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ वरून धरावा, नख लावू नये.

ओलसर म्हणजे चिकचिकीत मात्र नव्हे. मलमाचा जाड लेप दिला की घाम आणि जखमेतून पाझरणारी लस खाली कोंडते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत पुटकुळ्या उठायला वेळ लागत नाही. बिनवासाच्या मलमाचा किंवा क्रीमचा अगदी पातळ थर पुरतो.

पाण्याबद्दल तर दोन्ही टोकं दिसतात. काही जण आठवडाभर टॅटूला पाणीच लागू देत नाहीत. खरं तर दिवसातून दोनदा, हात स्वच्छ धुऊन, सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने तो हलकेच धुवायलाच हवा. नंतर स्वच्छ मऊ कापडाने टिपायचा. घरातल्या सगळ्यांनी वापरलेल्या टॉवेलने नाही. दुसरं टोक गोव्यात दिसतं. दुपारी बागा किंवा हणजुणे भागात टॅटू काढायचा आणि संध्याकाळी लाटांत शिरायचं, वर ‘खारं पाणी जखमेला चांगलं’ हे समर्थन आहेच. समुद्राच्या पाण्यात जंतू असतात. मेक्सिकोच्या आखातात टॅटू काढल्यानंतर पाचच दिवसांनी पोहलेल्या ३१ वर्षांच्या एका माणसाला व्हिब्रिओ जातीच्या जीवाणूचा संसर्ग झाला आणि त्यात तो दगावला. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद आली. त्याला यकृताचा जुना आजार होता, त्यामुळे प्रत्येकावर असा प्रसंग येईल असं नाही. तरी समुद्र, नदी, तलाव आणि पोहण्याचा तलाव दोन ते चार आठवडे टाळायचे, मग सुट्टी वाया गेली तरी चालेल.

आता घरचा औषधांचा डबा. हळदीच्या गुणांवर माझा राग नाही, पण फोडणीच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात भेसळ असू शकते आणि वाळल्यावर ती जखमेला घट्ट चिकटते. खोबरेल तेल पापुद्रे सुटून गेल्यावर कोरड्या त्वचेला लावायला हरकत नाही. उघड्या जखमेवर, घरभराची बोटं बुडालेल्या वाटीतलं नको. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, न मिसळलेलं जंतुनाशक द्रव यांनी जंतूंबरोबर नव्या पेशीही होरपळतात. झोंबतं म्हणजे काम करतं, हे खरं नव्हे. निओमायसीन असलेल्या मलमा-पावडरींची अनेकांना ॲलर्जी असते. आणि खाजेवर म्हणून दुकानातून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम सर्वांत वाईट, कारण ते जखम भरणं लांबवतं आणि संसर्ग झाला तरी तो दिसू देत नाही.

‘आंबट खाऊ नकोस, पू होईल’ हे वाक्य न ऐकता मराठी घरात कुणाची जखम भरली असेल असं वाटत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. जखम सांधणारं कोलॅजन बनायला क जीवनसत्त्व लागतं. त्याची फार कमतरता झाली की स्कर्व्ही होतो आणि जुन्या, भरलेल्या जखमासुद्धा उकलतात. लिंबू, आवळा, पेरू खुशाल खावेत. अंडी आणि डाळीही, कारण प्रथिनं हवीतच. तीच गोष्ट ‘वांगं खाऊ नकोस’ या सल्ल्याची: वांग्याची ज्याला मुळातच ॲलर्जी आहे त्याने ते टाळावं, बाकीच्यांनी भरीत सोडायचं कारण नाही.

सनस्क्रीन ताज्या टॅटूवर लावायचं नसतं. तोवर सैल सुती बाही पुरे. जखम पूर्ण भरल्यावर मात्र एसपीएफ ३० किंवा अधिकचं नियमित लावावं, कारण उन्हाने रंग फिका पडतो.

‘आजीने गोंदलं तेव्हा कुठे काय लावलं होतं?’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण आजीच्या हातावरची तुळस आज दिसते, ज्यांचे हात पिकले त्यांची आठवण कुणी ठेवलेली नसते. जत्रेत एकाच सुईने रांगेने गोंदवून घेणाऱ्यांना तर नंतरची कितीही काळजी वाचवू शकत नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही अशा सुईतून येऊ शकतात.

पहिले दोन-तीन दिवस लाली, ऊब, थोडी सूज असतेच. ती रोज कमी व्हायला हवी. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढत गेली, पू आला, ताप भरला तर डॉक्टरांकडे जावं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून वाढती ऊब आणि ठणका यांकडे लक्ष हवं. संसर्ग उशिराही येऊ शकतो. २०११ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एकाच बनावटीच्या करड्या शाईमुळे १९ जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं. शाईतच क्षयाच्या जंतूंच्या कुळातला जीवाणू होता, आणि नेहमीची जंतुनाशक मलमं त्याच्यावर चालत नाहीत.

टॅटूवाल्याला कधीच रक्तदान करता येत नाही, हाही गैरसमजच. भारतातल्या नियमाप्रमाणे टॅटूनंतर १२ महिने थांबावं लागतं, मग इतर अटींत बसत असाल तर रक्त देता येतं. रक्तपेढीच्या फॉर्मवर टॅटूची तारीख तेवढी खरी लिहायची.