उठावण्यानंतरचे दिवस

उठावणे आटोपते, परगावचे नातलग परततात, दुकान पुन्हा उघडते. आणि घरात एक माणूस उणे झाल्याची खरी जाणीव तेव्हा होते. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सवयीने दोन ताटे मांडली जातात आणि एक मुकाट्याने उचलून ठेवावे लागते. आयुष्यभर पेढी सांभाळलेल्या गृहस्थाला चहापत्तीचा डबा सापडत नाही. आयुष्यभर घर सांभाळलेल्या गृहिणीला कोणाकडून येणे आणि कोणाचे देणे, हे ठाऊक नसते. जोडीदाराबरोबर अर्धा संसारच अनोळखी होतो.

भेटीस येणारे समजावतात, "रडू नका, आर्तध्यान होते, कर्मबंध पडतो." हेतू चांगला असतो, परंतु दुःखी जीवावर अपराधाचे आणखी एक ओझे पडते. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत इष्टवियोग येतो. मात्र तेथे बोट अश्रूंकडे नाही. गेलेले परत मिळावे या एकाच चिंतनात मन अडकून राहणे, याकडे आहे. शिवाय हे ध्यान अव्रती व अणुव्रती श्रावकांनाच नव्हे, तर प्रमत्तसंयत मुनींनाही संभवते, असे तेच सूत्र सांगते. मग संसारी माणसाने पहिल्याच महिन्यात सावरावे, हा आग्रह कशासाठी?

भगवान महावीरांच्या निर्वाणाची वार्ता ऐकून गौतमस्वामींनी विलाप केला, असे श्वेतांबर परंपरेतील कथा सांगते. त्या विलापातूनच त्यांना आपल्या स्नेहरागाची ओळख पटली आणि त्यानंतर केवलज्ञान झाले. शोक दडपला गेला नाही. त्याच्या वाटेनेच विवेक आला.

शोकाला दिशा मिळाली की काय घडते, याचा दाखला मुंबईत आहे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जवेरी (१८५१–१९१४) यांची कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. तो काळ विधवेला घराच्या कोपऱ्यात बसवणारा होता. पित्याने तिच्या हाती पुस्तक दिले. पुढे त्याच मगनबाईंनी श्राविकाश्रम उभारून अनेक निराधार भगिनींना शिक्षणाचा आधार दिला.

आजच्या कुटुंबांनीही एवढे करावे. आरंभीच्या आठवड्यांत मृत्युपत्र, वाटणी किंवा हक्कसोड यांच्या कागदांवर घाईने सह्या घेऊ नयेत. आईला वह्या, बँकेची खाती व विमा नीट समजावून द्यावा. वडिलांना स्वयंपाकघराची ओळख करून द्यावी. पर्युषणात व लग्नाच्या वाढदिवशी त्यांना एकटे ठेवू नये. मंगलकार्यात विधवा मातेला मागे बसवू नये. अनित्यभावना अवश्य वाचावी, पण त्यांना वाचावीशी वाटेल तेव्हा. तोवर सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे घरातील कोणीतरी त्यांच्या शेजारी आसन घालून बसावे आणि गेलेल्याचे नाव निघाले, तर विषय बदलू नये.