आमच्या भिंतीवरची बुरशी

पावसाळ्यात चपलांवर, शिळ्या भाकरीवर बुरा येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तोच बुरा घराच्या भिंतीवर आला तर काय होते, ते मी आमच्या घरी पाहिले. तेच आज सांगणार आहे.

आमचे घर कोकणातले, चिऱ्याच्या भिंतींचे आणि कौलारू. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात काळे-हिरवे डाग पडायचे. त्या भिंतीला लागूनच माझी धाकटी बहीण झोपायची. श्रावणात तिला रात्रीचा खोकला लागला. शिंका यायच्या, छातीत सूं सूं वाजायचे. आजी म्हणाली, "हवा बदलली, दुसरं काय!" गणपतीच्या आधी बाबांनी भिंतीला चुना दिला. भिंत पांढरीशुभ्र झाली. पण पंधरा दिवसांत डाग परत हजर! आणि खोकला होताच.

मी गुरुजींना विचारले. त्यांनी वर्गात एक प्रयोग करायला लावला. भाकरीचा एक तुकडा कडक वाळवला, दुसरा ओला केला. दोन्ही वेगवेगळ्या बरण्यांत झाकण लावून ठेवले. काही दिवसांनी ओल्या तुकड्यावर कापसासारखे तंतू आले. वाळका तुकडा होता तसाच!

गुरुजी म्हणाले, "बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. ओल मिळाली की ते रुजतात." मग तिथून पुष्कळ नवे बीजाणू उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. पण लहान मुलांच्या श्वासनळ्या अरुंद असतात, शिवाय ती मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. म्हणून त्यांना लवकर बाधते. दमा असेल तर तो बळावतो. ओलसर, बुरशीच्या घरात दमा-खोकला जास्त आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ साली सांगितले आहे.

एकाने विचारले, "गुरुजी, पेनिसिलिन तर बुरशीपासूनच मिळालं ना?" गुरुजी हसले. म्हणाले, "बरोबर. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते शोधलं. पण औषध शुद्ध करून, मोजून देतात. भिंतीवरची बुरशी म्हणजे औषध नव्हे!"

घरी येऊन मी बाबांना सगळे सांगितले. उघडीप मिळताच ते वर चढले. बघतात तर एक कौल फुटलेले! बाहेर पागोळ्यांचे पाणीही भिंतीशी साचत होते. बाबांनी कौल बदलले, पाणी जायला चर खणला. आईने बहिणीचे अंथरूण कोरड्या बाजूला हलवले आणि तिला दवाखान्यात नेले. औषध सुरू झाले, भिंत वाळली आणि खोकला हळूहळू कमी झाला. आता ती रात्रभर शांत झोपते.

म्हणून पालकांना माझी विनंती :

१. पावसाआधी घर शाकारून घ्या.
२. पेट्या, पोती भिंतीपासून हातभर दूर ठेवा.
३. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. ऊन पडले की खिडक्या उघडा, गोधड्या उन्हात टाका.
४. बुरशी कोरडी खरवडू नका, ती उडते. नाकातोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. हे काम मोठ्यांनीच करावे.
५. मुलाची छाती वाजत असेल तर घरी न बसता डॉक्टरांना दाखवा.

नुसता चुना देऊन डाग झाकतो, ओल जात नाही. आधी ओल घालवा, मग बुरशी पुसून काढा!

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी