टेस्टर ‘ओके’ दाखवतो, पण अर्थिंग खरंच आहे का?

परवा एका जुन्या फ्लॅटचं वायरिंग तपासलं. गिझरच्या सॉकेटला प्लग-टेस्टर लावला, सगळे दिवे बरोबर. तरी मेन स्विच बंद करून सॉकेट उघडलं. अर्थची वायर आलेलीच नव्हती! अर्थच्या टर्मिनलपासून न्यूट्रलला वायरचा छोटा तुकडा जोडून दिला होता.

तपासणीत सापडणाऱ्या दोषांत मला हा सगळ्यात घातक वाटतो.

न्यूट्रल आणि अर्थ यांचं व्होल्टेज जवळपास सारखंच असतं, म्हणून टेस्टर फसतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, की फेज गिझरच्या एलिमेंटमधून त्या तुकड्यावाटे थेट धातूच्या बॉडीवर येतो. 230 व्होल्ट! एमसीबी पडत नाही, कारण ओव्हरलोडही नसतो आणि शॉर्टसर्किटही नसतं.

अशा वेळी जीव वाचवते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. पण तीही कुणीतरी बॉडीला हात लावल्यावरच पडणार. खरं अर्थिंग असेल, तर करंट गळू लागताच पडते.

आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबत जा. मात्र त्यातून फक्त आरसीसीबी चालू आहे एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल काहीच नाही. अर्थिंगसाठी परवानाधारक वायरमनकडून सॉकेट उघडून तपासून घ्या, आणि मेगरने इन्सुलेशनही. 500 व्होल्टवर किमान 1 मेगाओहम हवा.

तुमच्या घरच्या वायरिंगबद्दल काही शंका असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा. डीबीचा फोटो टाकलात तर सांगणं सोपं जाईल.