संगणक अचानक पुन्हा सुरू का होतो?

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत पावसाळ्यात रानातून गेलेल्या वीजतारांना फांद्या घासल्या की व्होल्टेज क्षणभर कोसळते. दिवा केवळ लुकलुकतो, परंतु सुटे भाग आणून घरी जुळवलेला संगणक कोणतीही सूचना न देता पुन्हा सुरू होतो. अशा वेळी पहिला संशय पॉवर सप्लायवर, म्हणजे 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणाऱ्या पेटीवर घ्यावा. वीज तुटल्यावर तिच्यातील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, पूर्ण भाराखाली साधारणपणे 16 ते 17 मिलिसेकंद तग धरतो, तर 50 हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचे असते. म्हणून एखादे आवर्तन हुकले, तरी मदरबोर्डला मिळणारा ‘वीज ठीक आहे’ हा संकेत थांबून प्रोसेसर नव्याने सुरू होऊ शकतो. उष्णतेने कपॅसिटर जीर्ण झाला की ही मुदत आणखी घटते.

विंडोजमधील ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद पाहून अनेक जण घाईने भाग बदलतात, हे चुकीचे आहे. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. चांगल्या यूपीएसवरही दोष राहिला आणि तो जड कामातच दिसला, तर पॉवर सप्लायची क्षमता व प्रोसेसरचे तापमान तपासावे. एरवीही दिसला, तर रॅमचा वाढवलेला वेग मूळ पदावर आणून मेमटेस्ट86 ही रॅमची चाचणी रात्रभर चालवावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार उरलेला असू शकतो.