पासवर्ड कोडमध्ये नको! पायथनमध्ये एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल कसे वापरायचे?

बेळगावात घरच्या लॅपटॉपवर तयार झालेलं ॲप हैदराबादच्या सर्व्हरवर चढवलं, तर त्याचा कोड तोच राहतो. बदलतो तो डेटाबेसचा पत्ता, त्याचा पासवर्ड आणि एसएमएस किंवा पेमेंट सेवेची की. नव्यानं शिकणारे अनेक जण हे सगळं थेट कोडमध्येच लिहून मोकळे होतात. ॲप चालतं, पण कोड गिटहबवर गेला की की सुद्धा त्याच्याबरोबर जाते.

असं फक्त नवख्यांच्याच बाबतीत घडतं असं नाही. २०१६ मध्ये हल्लेखोर उबरच्या खासगी गिटहब रिपॉझिटरीत शिरले. तिथे त्यांना ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची की सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. हे प्रकरण कंपनीनं वर्षभर दडवून ठेवलं. २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना तिला १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. रिपॉझिटरी खासगी असली, तरी की तिथे ठेवणं धोक्याचंच, हा यातला धडा.

मग की ठेवायची कुठे?

यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम त्याला नाव आणि मूल्य अशा जोड्यांची एक यादी देते. यातली प्रत्येक जोडी म्हणजे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. युनिक्समध्ये ही सोय १९७९ पासून आहे. लॅपटॉपवर एक मूल्य, सर्व्हरवर दुसरं. कोडला हात लावायची गरज नाही.

पायथनमध्ये ही यादी 'ओएस' मॉड्यूलच्या 'एन्व्हायरन' मध्ये मिळते. ती वाचायच्या दोन पद्धती आहेत. चौकोनी कंसात नाव दिलं आणि ते यादीत नसलं, तर प्रोग्राम तिथेच 'की एरर' देऊन थांबतो. 'गेट-एन्व्ह' वापरलं तर मात्र काही न बोलता 'नन' हाती येतं आणि गडबड पुढे कुठेतरी, ग्राहक पैसे भरत असताना उघड होते. म्हणून पासवर्ड आणि की चौकोनी कंसानं, ॲप सुरू होतानाच वाचाव्यात. पोर्ट क्रमांकासारख्या साध्या गोष्टीला 'गेट-एन्व्ह' मध्ये पर्यायी मूल्य दिलं तरी चालतं. पासवर्डला असं पर्यायी मूल्य कधीच देऊ नये.

'फॉल्स' लिहिलं, तरी खरं ठरलं!

इथे भलेभले फसतात. या यादीतलं प्रत्येक मूल्य म्हणजे निव्वळ मजकूर असतो. ८००० हा आकडासुद्धा मजकूर म्हणूनच येतो. तो 'इंट' नं बदलून घ्यावा लागतो. डीबग बंद ठेवायला 'फॉल्स' लिहिलं आणि कोडमध्ये ते 'बूल' मध्ये टाकलं, तर उत्तर 'ट्रू' येतं, कारण पायथनच्या लेखी रिकामा नसलेला कुठलाही मजकूर खराच. जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये डीबग चालू राहिला, तर चूक होताच बाहेरच्या माणसाला कोडचे तुकडे आणि आतले तपशील दिसतात. म्हणून आलेला मजकूर 'ट्रू' या शब्दाशीच ताडून पाहावा.

डॉट एन्व्ह फाइल

लॅपटॉपवर दरवेळी मूल्यं टाइप करायचा कंटाळा येतो. त्यासाठी 'डॉट एन्व्ह' नावाची साधी फाइल करतात. तिच्या एकेका ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह आणि मूल्य असतं. 'पायथन-डॉटएन्व्ह' हे पॅकेज ती वाचतं. सिस्टीममध्ये आधीच असलेलं मूल्य ते सहसा बदलत नाही, त्यामुळे सर्व्हरवरची मांडणी बिघडत नाही.

ही फाइल 'गिट-इग्नोर' मध्ये पहिल्याच दिवशी नोंदवावी. सोबतच्या सहकाऱ्यांसाठी फक्त नावं असलेली, मूल्यं रिकामी ठेवलेली नमुना फाइल द्यावी.

चुकून की गिटहबवर गेलीच तर?

ती ओळ खोडून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात जुनी प्रत राहतेच. आधी ती की रद्द करायची, नवी घ्यायची, मग साफसफाई.

एक मात्र ध्यानात असू द्या, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणजे काही तिजोरी नव्हे. ॲपनं सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रामलाही ही यादी सहसा मिळते. आणि चूक शोधताना कुणी ती अख्खी लॉगमध्ये छापली, तर पासवर्डही तिथे उघडा पडतो.