पेटी थांबते

हरिपूरचा पार पाहून मी परतत होते. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथलं हे गाव, सांगलीच्या अगदी शेजारचं, एके काळच्या हळदीच्या पेवांचं आणि चिंचेच्या जुन्या झाडांचं. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म इथला, १८५५ सालचा. गावातला एक पार दाखवून लोक सांगतात, देवलांनी ‘संगीत शारदा’ इथं बसून लिहिलं. पुढे एका नातेवाइकांकडे जायचं होतं. त्यासाठी वाटेत बस बदलायला जिथं उतरले, त्या थांब्याला लागूनच एका माध्यमिक शाळेचं कुंपण होतं. शाळा सुटली होती, तरी एका खिडकीतून पेटी ऐकू येत होती.

एक मुलगी गात होती. पदाच्या एकाच जागेपाशी येऊन ती अडखळायची. ती थांबली की पेटीही थांबायची, दोन ओळी मागे जायची आणि पुन्हा हलकेच निघायची. असं चार वेळा झालं. पद ‘शारदा’तलं होतं, थरथरत्या शारदेचं, भीतीचं पद. ज्या नाटकाचा पार तासाभरापूर्वी पाहिला, त्याचंच पद एसटीच्या थांब्यावर कानावर पडावं, याचं मला फार नवल वाटलं. माझी बस आली आणि गेली. मी फाटक उघडून आत गेले. त्यानंतर महिनाभरात सहा वेळा गेले.

दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढून तालमीची जागा केलेली होती. बाकं एकावर एक चढवून भिंतीला लावलेली. मराठी शिकवणाऱ्या बाई हातात वही घेऊन उभ्या होत्या, आणि सतरंजीवर पेटी घेऊन गावच्या भजनी मंडळाचे बुवा बसले होते. तबल्यावर दहावीतला एक मुलगा. स्नेहसंमेलनात पाऊण तासाचं नाटक करायचं, म्हणून पाच अंकांचं ‘शारदा’ बाईंनी कापून सहा पदांवर आणलं होतं. कापताना त्यांनी शारदेच्या वाट्याचं मात्र शक्य तेवढं राखलं होतं.

संमेलनात बाकीचे सगळे कार्यक्रम ट्रॅकवर होते. पेन ड्राइव्ह लावायचा, स्पीकर मोठा करायचा आणि मुलांनी त्यावर नाचायचं. एका सरांनी मला सरळ सांगितलं, “या एका नाटकाला दोन महिने जातात. तेवढ्यात दहा नाच बसतात, आणि शंभर मुलं स्टेजवर येतात.” त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. शंभर मुलांच्या आईबापांना आपलं मूल दिव्याखाली बघायचं असतं. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “ट्रॅक कुणासाठी थांबत नाही हो. मूल चुकलं तर ट्रॅक पुढे जातो आणि मूल मागे राहतं. पेटी थांबते.”

पहिल्या दिवशी मी पाहिली ती तालीम एका आकड्यावर अडली होती. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी शारदेचं लग्न ठरतं, तेव्हा मैत्रिणी थट्टेचं पद म्हणतात. त्यात नवरदेवाचं वय आहे : पाऊणशे. हा शब्द एकाही मुलीला कळला नव्हता. पाऊण किलो ठाऊक, पाऊण वाजलेले ठाऊक, पण पाऊणशे? भुजंगनाथाचं काम करणाऱ्या मुलाला वाटलं होतं की हे त्याच्या गावाचं नाव असेल. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ७५ लिहिलं. मग शारदा झालेल्या मुलीकडे वळून विचारलं, “तुझं वय किती?” ती म्हणाली, “चौदा.” ७५ च्या खाली १४ आले, रेघ ओढली गेली आणि उत्तर निघालं ६१. वर्गात हसू चाललं होतं, ते त्या रेघेपाशी थांबलं. दुसऱ्या दिवसापासून तेच पद मुली वेगळ्या तऱ्हेनं म्हणू लागल्या. पाऊणशे या शब्दावर आवाज आपोआप जड व्हायचा. ती वजाबाकी पुढे कुणी पुसली नाही.

‘शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ साली. तोवर संगीत नाटक म्हटलं की शकुंतला, सुभद्रा, पुराणांतली माणसं. देवलांनी घरातली मुलगी उभी केली, जिला बाप पैसे घेऊन म्हाताऱ्याला देतो. त्यांची इतर नाटकं दुसऱ्या कृतींवर आधारलेली. हे एकच सर्वस्वी त्यांचं. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला. अनेकांना वाटतं की हे नाव नाटकावरून पडलं. मुलींनाही तसंच वाटत होतं. बाईंनी सांगितलं, ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांचं. त्या कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं १४. म्हणजे या वर्गातली शारदा त्या कायद्यानं लग्नाला योग्य ठरली असती. आज ही मर्यादा १८ आहे.

शाळेसमोरच्या रानात कोप्या पडलेल्या होत्या. उसाचा हंगाम सुरू झाला होता, तोडणीची माणसं आली होती. त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यामागं. जोडी असली तर उचल, म्हणून पोरांची लग्नं लवकर उरकली जातात. खिडकीतून दिसायचं : डोक्यावर मोळी, पाठीमागं रडणारं मूल, आणि मुलगी या वर्गातल्या मुलींहून फार मोठी नाही. नाटकातला कांचनभट लोभापायी मुलगी विकतो. इथला बाप नडलेला असतो. दोघांना एका मापानं मोजणं अन्याय होईल. पण मुलीच्या बाजूनं पाहिलं, तर तिला दोन्हीकडे कुणी विचारलेलं नसतं.

हे नाटक का निवडलं, ते बाईंनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नववीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलीच नाही. बाई घरी गेल्या तोवर लग्न होऊन गेलं होतं. “हजेरीपटावर तिचं नाव महिनाभर होतं. मी रोज पुकारत होते,” एवढंच त्या बोलल्या आणि वहीतलं पान उलटलं.

तालमीचं रोजचं काम साधं होतं : आधी संवाद, मग पदं, मग दोन्ही एकत्र. किर्लोस्करी परंपरेतल्या साकी, दिंडीसारख्या चाली मुलांना लवकर सापडतात, कारण त्या बोलण्याच्या जवळ असतात. बुवा तानेच्या मागे लागत नव्हते. “शब्द ऐकू आला पायजे. सूर त्याच्या मागनं येतोय,” असं म्हणायचे. शारदेची पट्टी काळी चार. तिच्यासाठी बुवांनी एकदाही पट्टी बदलली नाही, आणि एकदाही घाई केली नाही. ती रडकुंडीला आली की म्हणायचे, “पोरी, दम खा. पेटी कुठं पळून चालली न्हाई.”

मात्र मला पुन्हापुन्हा तिथं ओढून नेणारा होता पडद्याआडचा मुलगा. गणपतीनंतर पात्रं ठरली तेव्हा कोदंड तो होता, शारदेच्या बाजूनं उभा राहणारा तरुण नायक. आवाज गोड होता, बुवांनीच निवडला होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा आवाज फुटला. परत आला तेव्हा काळी चारमधलं एकही वाक्य त्याला लागेना. मधेच घोगरा, मधेच चिरका. शेवटी कोदंडाचं काम दहावीतल्या एका मुलीला दिलं. एके काळी शारदेचं काम पुरुष करत. बालगंधर्वांची शारदा गाजलेली. आता मिशी लावून मुलगी कोदंड होत होती. आणि या मुलाला बाईंनी प्रॉम्प्टर केलं.

तो एका खोक्यावर बसायचा, मांडीवर वही, बोट ओळीवर. पहिले काही दिवस त्यानं मान वर केली नाही. वर्गातही कुणाशी बोलत नसे, असं कळलं. मग हळूहळू त्याला त्या कामातलं मर्म उमगलं. मला त्यानं स्वतःहून सांगितलं : पूर्ण वाक्य द्यायचं नाही, नुसता पहिला शब्द द्यायचा, वाक्य दिलं की समोरचा घाबरतो, शब्द दिला की त्याचं त्याला आठवतं. आणि शब्द द्यायच्या आधी एक श्वास थांबायचं, कारण बऱ्याचदा माणूस विसरलेला नसतो, नुसता थांबलेला असतो. चौदा वर्षांच्या मुलाला हे कळलं होतं. मोठमोठ्या माणसांना हे आयुष्यभर जमत नाही.

त्याच मुलानं एकदा बाईंना प्रश्न विचारला. भर मांडवात ते लग्न मोडतं, ते वधू आणि वर सगोत्र निघतात म्हणून. मुलगा म्हणाला, “बाई, गोत्र वेगळं असतं तर?” बाई म्हणाल्या, “तर झालं असतं.” मुलगा वहीकडे बघत राहिला. शारदा ओढणीशी चाळा करत होती, तिचे हात थांबले. नाटक शिकवतं म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं. १८९९ चं दुःख त्यांना जुनं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यातली फट त्यांनी स्वतः शोधली होती.

प्रयोगाच्या संध्याकाळी भाड्यानं आणलेल्या नऊवारींतून डांबरगोळ्यांचा वास येत होता. मिश्या चिकटवायच्या स्पिरिट गमचा झणझणीत वास त्यात मिसळला होता. बुवांनी पेटीसमोर उदबत्ती लावली, नारळ वाढवला. शाळेचा लोखंडी टोलच घंटा म्हणून वापरला. शिपाईमामांनी तिसरा टोल दिला आणि नांदी सुरू झाली. मी विंगेत, त्या मुलाच्या मागं उभी होते.

थट्टेचं पद रंगलं. पाऊणशे शब्दाला मैदानावरची माणसं हसली, पण मुली हसल्या नाहीत. मग शारदा एकटी पुढे आली. भीतीचं पद. पहिल्या ओळी स्वच्छ गेल्या. आणि पहिल्या दिवशी मी खिडकीतून ऐकली होती, नेमक्या त्याच जागी ती थांबली. समोर शे-दोनशे माणसं. बुवांनी पेटी थांबू दिली नाही आणि पुढेही नेली नाही. तोच सूर धरून ठेवला, तबल्याला डोळ्यांनी खुणावलं, दोन ओळी मागे गेले. मुलानं एक श्वास वाट पाहिली. मग शब्द दिला. तिला तो ऐकू गेला नाही, स्पीकर मोठा होता. त्यानं पुन्हा दिला. या वेळी त्यानं तो म्हटला नाही, गायला. खालच्या सप्तकात, जाड, नव्या आवाजात, पण बरोब्बर सुरात. पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. शारदेनं त्या सुरावर आपला सूर ठेवला आणि पद पुरं केलं.

पडदा पडल्यावर बुवा पेटी बंद करत होते. मुलगा वही द्यायला आला, चूक केल्यासारखा खाली मान घालून. बुवा म्हणाले, “खर्जात सूर बरोबर लागला तुझा. उद्यापास्नं भजनाला येत जा.” त्यानं मान हलवली. ऑक्टोबरपासून जो आवाज तो लपवत होता, तो त्याचाच आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

सांगली ही मराठी रंगभूमीची जन्मभूमी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. त्या दिवशी हार घातले जातात, भाषणं होतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही परंपरा टिकलेली मी पाहिली ती पार्टिशन काढलेल्या दोन वर्गांत, एका बाईंच्या हट्टात आणि एका बुवांच्या सबुरीत. शारदेसाठी तिच्या काळात कुणी थांबलं नाही. या शाळेत एका मुलीसाठी सगळं नाटक थांबलं, दोन ओळी मागे गेलं आणि तिला घेऊन पुढे निघालं. मुलांनी हे ऐकलं नाही, केलं. म्हणून ते त्यांच्याजवळ राहील.

शाळा चालवणाऱ्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. नाच असू द्या, ट्रॅकही असू द्या. पण यंदाच्या स्नेहसंमेलनात एक तरी पद पेटीवर होऊ द्या. पेटीवाला कुठून आणायचा, असं वाटत असेल तर गावातल्या भजनी मंडळात विचारा. तिथं कुणीतरी बुवा असतील, आणि बोलावलं तर ते येतील.