बावन्न मिनिटांचा दीड तास

आई पहिल्यांदा एकटी विमानाने बेंगळुरूला यायला निघाली, तेव्हा तिने आदल्या दिवशीच नकाशावर फूटपट्टी ठेवून हिशेब मांडला. पुण्यापासून सरळ रेषेत अंतर ७२० किलोमीटर. बसचा रस्ता साडेआठशेच्या घरात. विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरला, तर बावन्न मिनिटं. तिकिटावर मात्र दीड तास. फोनवर पहिला प्रश्न, "अरे, मधली अडतीस मिनिटं कुठे गेली?"

काही जमिनीवरच जातात. तिकिटावरचा वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतो. विमानाच्या चाकांना लावलेली ठोकळी निघाली की घड्याळ सुरू, मुक्कामी ती पुन्हा लागली की बंद. म्हणून त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी तर हवाई दलाची, तिथे सुखोई विमानांचाही वावर. शिवाय कंपन्या हातचे काही राखूनच वेळ छापतात.

आणि ८३०चा वेग तरी किती वेळ मिळतो? पुणे-बेंगळुरू सरळ रेघ ओढली तर ती जत तालुक्यावरून जाते. विमान ३३-३५ हजार फुटांवर पोचतं साधारण तिथे, दोनशे किलोमीटर कापल्यावर. उतरायला लागतं बेंगळुरूच्या दोनशे किलोमीटर अलीकडे, बळ्ळारी आणि चित्रदुर्ग यांच्या मधल्या पट्ट्यावर. वैमानिकांचा ठोकताळा आहे: हजार फूट उतरायला तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर. उरले मधले तीनेकशे. चहा हातात येतो न येतो तोच रिकामे कप गोळा करायला येतात, ते त्यामुळे.

खरी गंमत वाऱ्याची. बेंगळुरूच्या देवनहळ्ळी विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. हिवाळ्यात वारा पूर्वेचा असतो. वायव्येकडून आलेलं विमान थोडं वळून जवळजवळ सरळ आत शिरतं. जुलैत वारा पश्चिमेचा. मग विमानतळ बाजूला टाकून पूर्वेला जायचं आणि वळसा घालून परत यायचं. नंदीची टेकडी दिसली, आता उतरणार म्हणून चपला पायात सरकवाव्यात, तर विमान पुढेच चाललेलं!

त्याच जुलैत वर मात्र उलटा कारभार. दक्षिण भारतावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा झोत धावत असतो. पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली शोधनिबंधात त्याचं वर्णन केलं. विमान त्या झोताच्या गाभ्याखालून जातं, पण तिथेही वारा पूर्वेचाच, म्हणजे आग्नेयेला निघालेल्याला तिरका समोरून. त्याचा समोरचा जोर ताशी ६० किलोमीटर भरला, तर जमिनीच्या हिशेबात ८३०चे ७७० होतात. पुण्याला परतताना तोच वारा पाठीशी.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. रात्री फोन आला. "चाकं टेकली तेव्हा चांगली पंधरा मिनिटं हातात होती. मग रांगत रांगत निघालं तुझं विमान. सगळे उठून बॅगा काढायला लागले, मी बसून राहिले. एक मुलगा ठोकळी घेऊन आला, चाकापाशी वाकला, तेव्हा घड्याळ बघितलं. चार मिनिटं शिल्लक होती."